टपावर सोलर पॅनेल असूनही तिसऱ्या रात्री बॅटरी बसते: छोट्या मोटरहोमसाठी कारण शोधण्याचा आणि योग्य संच निवडण्याचा क्रम

छोटे मोटरहोम बाळगणाऱ्या सातारा-सांगलीकडील मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे स्वरूप जवळपास ठरलेले असते. घरून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असते, पहिली रात्र विनातक्रार जाते, दुसऱ्या संध्याकाळी पंखा मंदावल्यासारखा वाटतो आणि तिसऱ्या पहाटे फ्रीज बंद पडतो किंवा इन्व्हर्टर ओरडू लागतो. दिवसभर लख्ख ऊन पडलेले असते, टपावर दोनशे वॅटचे पॅनेल असते आणि चार्ज कंट्रोलरवरचा (पॅनेलची वीज बॅटरीला जुळेल अशी देणाऱ्या पेटीवरचा) हिरवा दिवाही लागलेला असतो. मालक दुकानात जातो, दुकानदार आणखी एक पॅनेल सुचवतो, ते बसवले जाते आणि पुढच्या सहलीत हाच प्रकार एखादी रात्र उशिरा घडतो.

हा प्रकार तिसऱ्या रात्री घडतो, यातच कारणाचा धागा आहे. बॅटरी पूर्ण निकामी असती, तर ते पहिल्याच रात्री कळले असते. रोजची जमा रोजच्या खर्चापेक्षा थोडी कमी पडते आणि तूट शिलकीतून भागवली जाते, म्हणून गाडी दोन रात्री तग धरते. त्यामुळे नवे काही विकत घेण्यापूर्वी खर्च किती होतो, पॅनेलमधून येते किती आणि आलेल्यापैकी बॅटरीपर्यंत पोहोचते किती, हे याच क्रमाने पाहावे. माझ्या पाहण्यातल्या गाड्यांमध्ये दोष बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या ठिकाणी निघतो, आणि पैसे मात्र दुसऱ्या ठिकाणी खर्च होतात.

खर्चाचा हिशेब

दोन माणसांच्या साध्या गाडीचे उदाहरण घेऊ. बारा व्होल्टवर चालणारा चाळीस-पंचेचाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना सुमारे ४५ वॅट घेतो. मे महिन्यात तो निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे चोवीस तासांत ५४० वॅट-तास. बारा वॅटचे दोन पंखे आठ तास चालले, तर १९२ वॅट-तास होतात. दिवे, मोबाइल, लॅपटॉप आणि पाण्याचा पंप धरून आणखी १८५ घ्या. बेरीज ९०० च्या थोडी पुढे जाते.

या यादीत जो धरला जात नाही, तो इन्व्हर्टर. एकच मोबाइल चार्जर लावण्यासाठी हजार वॅटचा इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवलेला असतो आणि त्याला काहीही जोडलेले नसले तरी तो स्वतःपुरते दहा ते पंचवीस वॅट घेत राहतो. पंधरा वॅट धरले, तरी दिवसाचे ३६० वॅट-तास झाले. म्हणजे दोन्ही पंख्यांच्या जवळजवळ दुप्पट. घरातला २३० व्होल्टचा छोटा फ्रीज गाडीत बसवला असेल, तर इन्व्हर्टर बंद करण्याची सोयच उरत नाही आणि हा खर्च कायमचा होऊन बसतो. म्हणून तक्रार आली की पहिला उपाय म्हणजे इन्व्हर्टर फक्त मिक्सर किंवा तत्सम कामापुरता चालू करणे, मोबाइल-लॅपटॉपसाठी बारा व्होल्टचे चार्जर वापरणे आणि शक्य असेल तर फ्रीजही बारा व्होल्टचाच घेणे. अनेक गाड्यांची तक्रार एवढ्यानेच मिटते आणि त्यासाठी टपावर चढावेही लागत नाही.

आता जमा बाजू पाहू. टपावर सपाट बसवलेले २०० वॅटचे पॅनेल आपल्या भागातल्या स्वच्छ दिवशी, उष्णता, धूळ आणि तारेतली घट वजा करता, सातशे ते पावणेआठशे वॅट-तास देते. इन्व्हर्टर चालू ठेवणाऱ्या गाडीचा खर्च साडेबाराशेच्या पुढे जातो. रोजची तूट पाचशेच्या आसपास पडते, तर दीडशे एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता निम्मी, म्हणजे साधारण ९०० वॅट-तासच वीज काढता येते. दोन दिवसांत ती संपते.

मोजायचे कसे

चारशे-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर गाडीत हवाच. शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज पहाटे, ऊन पॅनेलवर येण्यापूर्वी, सर्व उपकरणे बंद करून आणि शक्य तितका वेळ थांबून मोजावे. १२.७ च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे; १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० च्या खाली असेल, तर ती रोज इतकी उतरवणे म्हणजे तिचे आयुष्य झिजवणे होय. हे वाचन सलग तीन पहाटे वहीत लिहावे. आकडा रोज खाली सरकत असेल, तर तूट आहे हे सिद्ध झाले. तो रोज साधारण तेवढाच राहून मध्येच एखाद्या रात्री कोसळत असेल, तर सैल जोड किंवा त्या रात्रीचा एखादा जादा भार शोधावा.

लिथियम फॉस्फेट बॅटरीच्या बाबतीत ही रीत चालत नाही. तिचे व्होल्टेज बराच काळ १३.३ ते १३.१ च्या दरम्यान रेंगाळते आणि शेवटी झपाट्याने पडते. त्यामुळे व्होल्टमीटर पाहून ‘अजून भरपूर आहे’ असे वाटत असतानाच तिच्यातली संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. अशा बॅटरीसाठी शंट (प्रवाह मोजण्यासाठी मधे जोडायचा छोटा रोधक) लावून आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा बॅटरी मॉनिटर घ्यावा. नव्या पॅनेलपेक्षा आधी मी हा मॉनिटर घेण्याचा सल्ला देईन, कारण तो असला की पुढचे सगळे प्रश्न अंदाजाचे राहत नाहीत.

वाटेत हरवणारी वीज

सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, बॅटरी थोडी उतरलेली असताना, चार ठिकाणी व्होल्टेज मोजावे: पॅनेलच्या तारा टपावरून आत येतात तेथे, कंट्रोलरच्या पॅनेलकडील टर्मिनलवर, आणि शेवटी कंट्रोलरच्या बॅटरीकडील टर्मिनलवर व प्रत्यक्ष बॅटरीच्या खांबांवर. मिरजेकडच्या एका गाडीत टपावर सोळा व्होल्ट आणि कंट्रोलरवर साडेचौदा असे वाचन मिळाले. मधली तार अडीच चौरस मिलिमीटरची, घरातल्या वायरिंगमधून उरलेली होती, आणि फ्यूजच्या होल्डरचे प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन मऊ पडले होते. होल्डर बोटाला गरम लागत होता. पॅनेलने तयार केलेल्या विजेचा एक हिस्सा त्या तारेत आणि त्या होल्डरमध्ये उष्णता बनून जात होता.

यामागचे गणित सोपे आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे साडेसात मिलिओहम असतो. टपापासून कंट्रोलर सहा मीटरवर असेल, तर जाणारी आणि येणारी मिळून बारा मीटर तार लागते. त्यातून १७० वॅटच्या दोन समांतर जोडलेल्या पॅनेलांचे साडेअठरा अँपिअर गेले, तर दीड व्होल्टहून अधिक घट होते. बारा व्होल्टच्या व्यवस्थेत दीड व्होल्ट फार मोठा असतो.

मे महिन्यात यात उन्हाचीही भर पडते. छत्तीस पेशींच्या, म्हणजे बाजारात ‘बारा व्होल्टचे’ म्हणून मिळणाऱ्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज लेबलवर अठराच्या आसपास लिहिलेले असते, पण तो आकडा पेशींचे तापमान पंचवीस अंश असतानाचा आहे. जत किंवा आटपाडीच्या माळावर मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या टपावरील पेशी पासष्ट अंशांपर्यंत तापतात आणि हेच व्होल्टेज साडेपंधरापर्यंत उतरते. त्यातून तारेचे दीड वजा केले की चौदा उरतात, आणि शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यासाठी तर १४.४ हून अधिक लागतात. याचा अर्थ असा की सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि कायम अर्धवट भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसून तिची क्षमता महिन्यागणिक घटत जाते. ‘ऊन एवढे असून बॅटरी का भरत नाही’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

उपाय दोन आहेत आणि ते एकत्रही करता येतात. पहिला म्हणजे जाड तार: पॅनेल ते कंट्रोलर सहा चौरस मिलिमीटरची सोलर केबल, आणि कंट्रोलर ते बॅटरी दहा चौरस मिलिमीटरची, शक्यतो मीटरभराहून आखूड. दुसरा म्हणजे एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलला त्याच्या सर्वोत्तम व्होल्टेजवर चालवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजवर उतरवणारा) घेऊन दोन पॅनेल मालिकेत जोडणे. मालिकेत व्होल्टेज दुप्पट होते आणि प्रवाह निम्मा राहतो. तीच अडीचची तार असली, तरी घट छत्तीस व्होल्टांत पाऊण-एक व्होल्ट एवढीच पडते. दोन पॅनेलांचे खुले व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारे) मिळून ४४ च्या आसपास जाते आणि हिवाळ्यात ते थोडे वाढते, त्यामुळे कंट्रोलर किमान ७५ व्होल्ट सोसणारा हवा.

मालिकेचा तोटा सावलीत दिसतो. टपावरील कॅरिअर, एक्झॉस्ट पंखा किंवा एसीचे खोके यांची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली, तरी त्या भागातल्या पेशी अडतात; बायपास डायोडमुळे (अडलेल्या पेशींना वळसा देणाऱ्या भागामुळे) उरलेला भाग काम करतो, पण उत्पादन सावलीच्या आकाराच्या मानाने खूपच जास्त घटते. टप मोकळा असेल तर मालिका, आणि एका पॅनेलवर दिवसातला बराच काळ सावली पडणार असेल तर समांतर, असे माझे मत आहे. समांतर जोडणी केली, तर मात्र तारेच्या जाडीत काटकसर करू नये.

कंट्रोलरच्या सेटिंगकडेही पाहावे. बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडलेला असेल, तर सारी व्यवस्था निर्दोष असूनही बॅटरी अर्धवट राहते. पाणी घालण्याच्या शिसे-आम्ल बॅटरीला १४.४ ते १४.८, जेलला १४.१ च्या आसपास आणि लिथियम फॉस्फेटला १४.२ ते १४.४ व्होल्ट लागतात. लिथियमसाठी इक्वलायझेशन (शिसे-आम्ल बॅटरीला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) बंदच असले पाहिजे. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम मोडू नये. काही कंट्रोलर त्यानेच जळतात.

घरचे उरलेले पॅनेल

अलीकडे घरांच्या छपरांवर सोलर बसवण्याचे प्रमाण वाढल्यामुळे उरलेले किंवा बदललेले मोठे पॅनेल गाडीवर चढवण्याचा मोह होतो. ३३५ वॅटच्या बहात्तर पेशींच्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज ३७ च्या आसपास आणि प्रवाह नऊ अँपिअर असतो. ते स्वस्त, साध्या प्रकारच्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला जोडले, की कंट्रोलर त्याला बॅटरीच्याच व्होल्टेजवर खाली ओढतो आणि हाती नऊ गुणिले तेरा, म्हणजे कसेबसे ११७ वॅट लागतात. दोन-तृतीयांश वीज वाया जाते आणि दोष पॅनेलवर येतो. असे पॅनेल वापरायचेच असेल, तर एमपीपीटी अनिवार्य आहे. पाचशे वॅटच्या वरची पॅनेले तर सव्वादोन मीटर लांब, मीटरभराहून रुंद आणि पंचवीस किलोहून जड असतात. छोट्या गाडीच्या टपावर ती बसवू नयेत. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान ग्रिडला जोडलेल्या घरगुती छपरांसाठी आहे, गाडीसाठी नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

चिकटवण्याची लवचीक पॅनेले वजनाला हलकी असतात, पण पत्र्याला चिकटल्यामुळे खालून हवा मिळत नाही आणि ती अधिक तापतात. चौकटीची पॅनेले टपापासून चार-पाच सेंटिमीटर उंच बसवावीत. चौकट टपाला बोल्टने बसवताना आतून पट्टी द्यावी, आणि आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरल्यावर नटांना एकदा पाना लावून पाहावे. कायमचे वजन आणि बदल गाडीच्या नोंदीत येणे आवश्यक आहे का, हे साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

आपल्या हवेचा विचार

एकाच जिल्ह्यात दोन टोके असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या मोजमापावर संच निवडून येथे भागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण-खटावात दुष्काळ पाचवीला पुजलेला असतो. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात, किंवा तापोळ्याला श्रावणात, ढग आणि धुके दिवसभर हटत नाहीत. तेव्हा पॅनेल आपल्या क्षमतेच्या दहा ते पंचवीस टक्केच देते. ३४० वॅटचे ५०० केले, तरी अशा हवेत रात्रीचा फ्रीज भागत नाही. येथे खरा आधार गाडीच्या अल्टरनेटरचा आहे. तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या अल्टरनेटरमधून राहण्याच्या भागाची बॅटरी भरणारा) मेढ्याहून महाबळेश्वर चढेपर्यंत तासाभरात पंचवीस-तीस एएच भरून देतो, जे ढगाळ दिवशी पॅनेलला दिवसभरातही जमत नाही. केवळ रिले लावून इंजिनची आणि राहण्याच्या भागाची अशा दोन्ही बॅटऱ्या जोडण्याची जुनी पद्धत बीएस-६ च्या अनेक गाड्यांत नीट चालत नाही, कारण त्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर जाणाऱ्याने तिसऱ्या पॅनेलचे पैसे या चार्जरवर खर्च करावेत.

कृष्णाकाठी निराळाच त्रास होतो. गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कराड-वाळवा-पलूस पट्ट्यात शेतात पाचट पेटवले, की त्याची काळी काजळी कोसभर उडते. रात्रीच्या दवात ती काचेला चिकटते आणि सकाळच्या उन्हात वाळून तिचा पापुद्रा बसतो. खालून पाहणाऱ्याला पॅनेल स्वच्छच दिसते. टपावर चढून बोट फिरवल्यावर ते काळे होते. या दिवसांत रोज सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पॅनेल पुसावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

सूर्याच्या दिशेविषयी फार चिंता करण्याचे कारण नाही. सातारा साडेसतरा अंशांच्या किंचित वर आणि सांगली सतरा अंशांच्या आत असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सपाट पॅनेलच सर्वोत्तम ठरते. डिसेंबरमध्ये तो क्षितिजापासून एकोणपन्नास अंशांवरच असतो आणि सपाट पॅनेलचे सुमारे पाव उत्पादन घटते. पण त्या दिवसांत पंखे बंद असतात आणि फ्रीजही कमी चालतो. उन्हाळ्यात मात्र आपण गाडी सावलीत लावतो, आणि ते योग्यच आहे, कारण उन्हात उभ्या गाडीत माणूस बसू शकत नाही. वाईच्या किंवा औंधच्या एखाद्या वडाखाली मुक्काम करणाऱ्यांनी टपावरील पॅनेलवर विसंबू नये. शंभर-दीडशे वॅटचे घडीचे पॅनेल आणि दहा मीटर जाड तार सोबत ठेवावी आणि ते उन्हात मांडावे.

काय घ्यावे

दोन माणसे, बारा व्होल्टचा फ्रीज, दोन पंखे आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच, एवढ्यासाठी मी १७० वॅटची दोन मोनो पॅनेले, तीस अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर आणि शंभर ते दीडशे एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुचवेन. हा संच चांगल्या दिवशी अकराशे वॅट-तासांच्या पुढे देतो, म्हणजे ९०० चा खर्च भागून ढगाळ दिवसासाठी थोडे उरते. शंभर एएचची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोची असते आणि तिच्यातून हजाराहून अधिक वॅट-तास मिळतात. तेवढ्याचसाठी लागणारी ट्युबलर (शिसे-आम्ल प्रकारची) बॅटरी पन्नास किलोंच्या पुढे जाते, पाणी मागते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे झोपण्याच्या जागेत ती ठेवता येत नाही. लिथियम बॅटरी इंजिनच्या उष्णतेपासून दूर ठेवावी. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज, आणि पॅनेल व कंट्रोलर यांच्यामध्ये डीसीसाठीच बनवलेला एमसीबी असावा. घरातला एसी एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही आणि त्यातून आग लागू शकते. येथे शे-दोनशे रुपये वाचवू नयेत, असे मी कळकळीने सांगेन.

दुरुस्तीनंतर घराजवळच, उन्हात, तीन दिवस नेहमीच्या वापराची चाचणी घ्यावी आणि रोज पहाटेचे वाचन लिहावे. इन्व्हर्टर बंद आहे, तारांमधली घट अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, सेटिंग योग्य आहे, दुपारी कंट्रोलर पूर्ण चार्ज दाखवतो, आणि तरीही शिसे-आम्ल बॅटरीचा पहाटेचा आकडा १२.० च्या खाली येत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण साठ वॅटचा ठराविक भार लावून ती निम्मी, म्हणजे विश्रांतीनंतर १२.२ वर, येण्यास किती तास लागतात ते मोजावे. दीडशे एएचची धडधाकट बॅटरी एवढ्या भारावर चौदा-पंधरा तास टिकते. ती सात-आठ तासांतच तेथे पोहोचली, तर तिची क्षमता निम्मी उरली आहे आणि ती बदलावी लागेल. नवी बसवल्यावर कंट्रोलरचे सेटिंग तिच्या प्रकाराप्रमाणे पुन्हा लावण्यास विसरू नये.